न्यूयॉर्क, ट्रेंटन, न्यू हेवन की शिकागो: शाकाहारी पाहुण्यांना कुठला पिझ्झा खिलवावा?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा आणि काका-काकू पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला येत आहेत. चौघंही पक्के शाकाहारी. पिझ्झा सगळ्यांना आवडतो, पण त्यांच्या लेखी पिझ्झा म्हणजे जाड बेस, वर मका, सिमला मिरची, पनीर आणि ओरेगॅनोची पुडी. इथे आल्यावर त्यांना इथला पिझ्झा खिलवायचा आहे, आणि तोही एकाच तऱ्हेचा नको, प्रकाराप्रकारातला फरक कळला पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातला स्लाइस खावा, की जुन्या कोळशाच्या भट्टीवाल्या ठिकाणी बसून अख्खा पिझ्झा मागवावा? न्यू हेवनचं एवढं नाव आहे, तर मुद्दाम तिथवर जाण्याइतका फरक असतो का? एडिसनच्या आसपास काय आहे? काकांना दातांचा त्रास आहे, कडक कडा चावत नाहीत. काकू प्राण्यांचं रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा, जनावराच्या पोटातून मिळणारा पदार्थ) असलेलं चीज खात नाहीत. आणि बाबांचा प्रश्न ठरलेला: ‘नुसत्या चीजच्या पिझ्झ्याला एवढे पैसे कशाला, वर भाजी तरी हवी ना?’ त्यांना पटेल असं उत्तर हवंय.

शिवाय आईला यातला एखादा प्रकार पुण्याला परतल्यावर ओटीजीमध्ये करून बघायचा आहे. कुठला जमेल?

---

एडिसनकर

बाबांच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात. पिझ्झ्यावर काय आणि किती घालायचं हे आपल्या आवडीच्या आधी भट्टी ठरवते. इटलीतल्या नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. न्यूयॉर्कच्या गॅसच्या डेक ओव्हनमध्ये (सपाट, तापलेल्या तळावर पिझ्झा भाजणाऱ्या भट्टीत) साधारण २८८ अंश सेल्सिअसला ६ ते ८ मिनिटं लागतात. डेट्रॉइटचा खोल ट्रेमधला पिझ्झा १२ ते १५ मिनिटं घेतो आणि शिकागोचा डीप डिश (खोल भांड्यातला जाड पिझ्झा) ३० ते ४०. टोमॅटो, चीज आणि भाज्या या तिन्हींत पाणी असतं. त्या भट्टीच्या वेळात जेवढं पाणी उडू शकतं तेवढंच वर घालायचं, नाहीतर तळ भाजला जातो आणि वरचा भाग मात्र उकडल्यासारखा राहतो. न्यूयॉर्कच्या पातळ पिझ्झ्यावर कच्ची सिमला मिरची, कांदा, मका आणि पनीर असं सगळं रचलं, तर स्लाइस उचलताक्षणी टोक खाली लोंबतं आणि चीज घसरून ताटात पडतं. म्हणून तिथे जाणकार आधी ‘प्लेन’ मागवतात. तळ, सॉस आणि चीज यांचा मेळ कसा जमलाय हे त्यातच कळतं. बाबांना भाजीचा एक पिझ्झा जरूर द्या, पण दुसरा.

न्यूयॉर्क स्लाइसचं गणित असं आहे. १८ इंची पिझ्झा, त्याला साधारण ५७० ते ६२० ग्रॅम पिठाचा गोळा. मैदा जास्त प्रथिनांचा, १३ टक्क्यांच्या आसपास, पाणी ६० ते ६३ टक्के, थोडं तेल, थोडी साखर, आणि गोळे फ्रिजमध्ये एक ते तीन दिवस. चीज म्हणजे कमी ओलाव्याचं मोझरेला. अमेरिकेच्या नियमानुसार त्यात ४५ ते ५२ टक्के पाणी असतं, तर साध्या मोझरेलात ५२ ते ६०. हा फरक लहान वाटतो, पण सात मिनिटांच्या भाजणीत पिझ्झ्यावर तळं साचणार की नाही ते यावरच ठरतं. सॉस न शिजवलेला किंवा अगदी थोडा शिजवलेला.

स्लाइसच्या दुकानात काचेमागे आधीच भाजलेले पिझ्झे मांडलेले असतात. तुम्ही मागितलेला तुकडा पुन्हा ओव्हनमध्ये जातो. शिळंपाकं देतात असं पाहुण्यांना वाटू देऊ नका. या दुसऱ्या भाजणीनेच तळ कुरकुरीत होतो. मात्र तासन्‌तास पडून सुकलेला तुकडा नको. गिऱ्हाईक भरपूर आणि पिझ्झे भराभर संपताहेत असं दुकान निवडा. ग्रीनिच व्हिलेजमधलं कारमाइन स्ट्रीटवरचं जोज पिझ्झा १९७५ पासून आहे आणि पहिल्या स्लाइससाठी मला तेच योग्य वाटतं. तिथून चालत पाच मिनिटांवर ब्लीकर स्ट्रीटवर जॉन्स आहे, १९२९ पासूनचं, कोळशाच्या भट्टीचं. तिथे स्लाइस मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो. म्हणजे एका संध्याकाळी दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी खाऊन होतात, आणि त्यासाठी टॅक्सीही लागत नाही. स्प्रिंग स्ट्रीटवरचं लोम्बार्डीज अमेरिकेतलं पहिलं पिझ्झेरिया म्हणून ओळखलं जातं (१९०५), पण ते १९८४ मध्ये बंद पडून १९९४ मध्ये जवळच्याच दुसऱ्या जागेत सुरू झालं. इतिहासासाठी जायचं तर जा, चवीसाठी जॉन्स.

काकांसाठी ब्रुकलिनमधलं एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स. तिथला चौकोनी सिसिलियन जाड आणि आतून मऊ असतो. चीज खाली, सॉस वर, त्यामुळे पीठ सॉसच्या पाण्याने चिकट होत नाही आणि चीज वाळून कडकही होत नाही. ट्रेच्या मधले, कडा नसलेले तुकडे मागा, देतात.

आता घराजवळचं. ट्रेंटनची ‘टोमॅटो पाय’ (इंग्रजी pie, म्हणजे पिझ्झाच) ही न्यू जर्सीची स्वतःची पद्धत आहे आणि आपल्या लोकांच्या यादीत ती क्वचितच दिसते, याचं मला फार वाईट वाटतं. पातळ, कडक तळ, त्यावर आधी चीज, मग हाताने कुस्करलेला टोमॅटो जागोजागी. सॉसचा सलग थर नसल्यामुळे एका घासात नुसता टोमॅटो येतो, दुसऱ्यात नुसतं चीज. डी लोरेन्झोज टोमॅटो पाईज आणि १९१२ पासूनचं पापाज टोमॅटो पाईज, दोन्ही आता रॉबिन्सव्हिलला आहेत. पापाजमध्ये चीजच्या खाली मोहरीचा सॉस लावलेली पाय मिळते, मोहरीची सवय असलेल्या आपल्या जिभेला ती चटकन आवडते. रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम मंदिर २०२३ पासून खुलं आहे, पाहुण्यांना तिथे न्याल ना? मग येताना जेवण तिथेच. फक्त काकांचे दात लक्षात ठेवा, ही पाय कडक असते.

---

कोळशाची_भट्टी

एडिसनकरांशी बराचसा सहमत, पण न्यू हेवनचा उल्लेखही नाही, हे चालणार नाही. हो, मुद्दाम जाण्याइतका फरक आहे. ते कनेटिकट राज्यात आहे, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो-नॉर्थ रेल्वेने साधारण दोन तास, आणि युनियन स्टेशनवरून वूस्टर स्ट्रीट चालत पंधरा-वीस मिनिटं. फ्रँक पेपे (१९२५) आणि सॅलीज (१९३८) एकाच रस्त्यावर आहेत. सॅलीज सुरू करणारे पेपेंचे भाचे. तिसरं, मॉडर्न अपिझ्झा, स्टेट स्ट्रीटवर. तिथली भट्टी तेलावर चालते, त्यामुळे कोळशाचाच पिझ्झा हवा असेल तर वूस्टर स्ट्रीटच.

तळ कसा ओळखायचा ते सांगतो. पिझ्झा गोल नसतो, लांबुळका, वाकडातिकडा असतो, कागद घातलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये येतो आणि कडेला काळे डाग असतात. हा करपलेला पिझ्झा म्हणून परत पाठवणारे आपलेच लोक असतात, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. डाग कडेवर आणि तळाला ठिपक्यांसारखे असतील तर ती या भट्टीची खूण. संपूर्ण तळ सलग काळा आणि कडू असेल तर मात्र भाजणी चुकली, तेव्हा बेधडक बदलून मागा. कोळसा सुमारे ३१५ अंशांच्या वर कोरडी आच देतो. लाकूड जळताना वाफ सुटते, कोळशात ती फार कमी, म्हणून कडा बाहेरून खुटखुटीत आणि आतून चिवट होते.

ऑर्डर देताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथे ‘प्लेन’ म्हटलं की मोझरेला नसलेला पिझ्झा येतो: टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि वर किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं कडक चीज). मोझरेला हवं असेल तर वेगळं सांगायचं. न्यूयॉर्कच्या सवयीने प्लेन मागितलं की टेबलावर गोंधळ होतो. काकूंसाठी हेच महत्त्वाचं आहे, कारण पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने बनतं आणि पार्मिजानो रेज्जानो (अस्सल पार्मेझान) वासराच्या. त्या दोन्ही चीजच्या नियमांतच तसं आहे, त्यात शाकाहारी पर्याय नाही. म्हणून ‘किसलेलं चीज घालू नका, फक्त मोझरेला’ असं सांगायचं. अमेरिकेतलं बहुतेक मोझरेला सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटने बनतं, तरी ते कुठल्या कंपनीचं वापरतात हे विचारून घ्यावं. न्यूयॉर्कच्या स्लाइसच्या सॉसमध्येसुद्धा कधीकधी किसलेलं पेकोरिनो मिसळलेलं असतं, तिथेही विचारा. आणि सोबत सीझर सॅलड मागवू नका, त्याच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे असतात.

पेपेची ख्याती पांढऱ्या क्लॅम पिझ्झ्याची, म्हणजे शिंपल्यांची, ती तुमच्या कामाची नाही. सॅलीजमधला बटाटा आणि रोझमेरीचा पिझ्झा मागवा. बटाट्याच्या पातळ चकत्या त्या आचेला कडेने सोनेरी होतात. मका-पनीर शोधणाऱ्या बाबांना ‘भाजी’ म्हणून हा नक्की पटेल, आणि सॉस नसल्यामुळे तळ शेवटपर्यंत कोरडा राहतो. ताज्या टोमॅटोचा पिझ्झा उन्हाळ्यात असतो, ऑक्टोबरमध्ये तो मिळेल असं धरू नका. शनिवारी-रविवारी रांगा लांब लागतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा.

---

मिशिगनची_माई

तुम्ही दोघं पूर्व किनाऱ्यातच अडकलात! काकांच्या दातांचं उत्तर डेट्रॉइटमध्ये आहे.

डेट्रॉइटचा पिझ्झा १९४६ मध्ये बडीज रॉन्देव्हूमध्ये सुरू झाला, मोटारींच्या कारखान्यांत सुटे भाग ठेवायच्या निळ्या पोलादी ट्रेमध्ये. ट्रे जाड आणि गडद रंगाचा, त्यामुळे उष्णता चांगली धरतो. चीज विस्कॉन्सिनचं ब्रिक, मोझरेलापेक्षा जास्त स्निग्ध. ते अगदी ट्रेच्या भिंतीला टेकेल असं पसरतात, आणि भिंतीला लागलेलं चीज तळलं जाऊन खमंग कड तयार होते. सॉस भाजून झाल्यावर किंवा चीजच्या वर पट्ट्यांनी घालतात. पिठात पाणी ७० ते ७५ टक्के, त्यामुळे आतला भाग लुसलुशीत.

आता दातांचा मुद्दा. मोठ्या ट्रेचे सहसा दोन ओळींत आठ तुकडे करतात, म्हणजे प्रत्येक तुकड्याला किमान एक कड येतेच. काकांनी आतला मऊ भाग खायचा आणि कड दुसऱ्या कुणाला द्यायची. आमच्याकडे कडेच्या तुकड्यांवरून भांडणं होतात, त्यामुळे घेणारा लगेच सापडेल. हा प्रकार आता न्यूयॉर्क-न्यू जर्सीतही बऱ्याच ठिकाणी मिळतो, त्यासाठी विमान पकडायला नको.

शिकागोबद्दल एक गैरसमज दूर करते. डीप डिश (पिझ्झेरिया उनो, १९४३) पाहुण्यांना खिलवायचा पदार्थ आहे. शिकागोची माणसं आठवड्याच्या रात्री टॅव्हर्न स्टाइल खातात: लाटण्याने लाटलेला, पापडासारखा पातळ, चौकोनी तुकडे केलेला. लाटलेली पोळी फ्रिजमध्ये उघडी ठेवून सुकवतात, मग भाजतात, त्याने तो खुसखुशीतपणा येतो. व्हिटो अँड निक्स हे त्याचं जुनं ठिकाण. डीप डिश खायचाच असेल तर लू मालनाटीजमधला पालकाचा घ्या. त्यात चीज सर्वांत खाली, मग भाजी, मग टोमॅटो, कारण अर्धा-पाऊण तास वर राहिलं तर चीज जळेल. जिओर्डानोजचा स्टफ्ड म्हणजे वर पिठाचा आणखी एक पातळ थर. हा पोटभरीचा असतो, उगाच मोठा मागवू नका. आणि बसल्यावर लगेच ऑर्डर द्या, अर्धा तास भट्टीलाच जातो.

---

शेगडीपाशी

नेपल्सचं नाव इथे फक्त मोजमापापुरतं आलं, म्हणून लिहितोय. त्याच्याशिवाय ही तुलना अपुरी आहे, आणि तुमच्यासाठी ते जर्सी सिटीत आहे.

‘असोचियात्सिओने वेराचे पिझ्झा नापोलेताना’ (अस्सल नेपल्स पिझ्झ्याची संघटना) ही संस्था १९८४ मध्ये नेपल्सला स्थापन झाली. तिचे नियम नेमके आहेत. एक लिटर पाण्याला १.६ ते १.८ किलो मैदा, ४० ते ६० ग्रॅम मीठ, आणि ताजं यीस्ट जेमतेम ०.१ ते ३ ग्रॅम. तेल नाही, साखर नाही. गोळा २०० ते २८० ग्रॅमचा, हातानेच थापायचा, लाटणं चालत नाही. व्यास जास्तीत जास्त ३५ सेंमी, कड १ ते २ सेंमी. लाटण्याने कडेतली हवा निघून जाते आणि मग ती फुगत नाही, म्हणून हा आग्रह. २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतलं.

पहिल्यांदा खाणाऱ्यांची हमखास तक्रार असते, ‘मध्ये कच्चा आणि ओला आहे’. कच्चा नसतो. ९० सेकंदांत सॉस आणि ताज्या चीजचं पाणी उडत नाही, त्यामुळे मधला भाग ओलाच राहतो, आणि तो सुरी-काट्याने खायचा असतो किंवा चौघडी करून. कच्चा ओळखायचा तर कड कापून बघा. आत जाळीदार असेल तर पिझ्झा भाजला गेलाय, पांढरी चिकट रेघ असेल तर नाही.

इथे एडिसनकरांच्या मुद्द्यात भर घालतो. टॉपिंग जास्त नको हे अर्धंच सांगून झालं. दुसरा अर्धा भाग असा की कमी वेळाच्या भट्टीत टॉपिंग आधी शिजवून घ्यावं लागतं. नेपल्समध्ये फ्रियारिएल्ली, म्हणजे कडवट पालेभाजी, लसूण-तेलावर परतूनच पिझ्झ्यावर जाते. मश्रूम परतलेले, वांगी तळलेली. कच्ची सिमला मिरची दीड मिनिटात फक्त कोमट होते.

काकूंसाठी मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल. चीजच नाही, म्हणजे रेनेटचा प्रश्नच मिटला. नावावरून मासे असतील असं वाटतं, पण पारंपरिक मारिनारात नसतात. काही अमेरिकी दुकानं अँकोव्ही घालतात, तेवढं विचारा. जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीटवर राझ्झा आहे, पाथ या लोकल रेल्वेच्या स्टेशनच्या अगदी जवळ. तो काटेकोर नेपल्सचा नाही, पीठ नैसर्गिक आंबवणाचं आणि तळ जास्त कडक, पण लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा काय असतो ते तिथे उत्तम कळतं. हेझलनट, रिकोटा आणि मधाचा पिझ्झा मेनूवर असला तर चुकवू नका.

---

सातारी_कंदी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. जॉन्स-जोज एका संध्याकाळी, अक्षरधामनंतर टोमॅटो पाय, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी न्यू हेवन असं ठरवतोय. काकूंसाठी किसलेलं चीज नको हे लिहूनच ठेवलं.

पण पनीर आणि मक्याला तुम्ही अगदीच बाजूला सारलंत. आई म्हणते घरी केला तर पनीर हवंच. आणि अननसाचं काय? काका त्याचे भक्त आहेत.

---

कोथरूडची_भाकरी

पनीरला कुणी हलकं लेखू नये. सॅन फ्रान्सिस्कोत झांटे नावाच्या ठिकाणी १९८६ पासून भारतीय पिझ्झा मिळतो आणि लोक आवडीने खातात. फक्त पनीर चीजची जागा घेऊ शकत नाही, कारण ते गरम दुधात आंबट घालून फाडलेलं असतं आणि कितीही तापवलं तरी वितळत नाही. त्याला भाजीसारखं वागवायचं. १ सेंमीचे तुकडे, अर्धा तास वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग मीठ, तिखट आणि चमचाभर तेल चोळून तव्यावर एका बाजूने लाल करायचे. कच्चे टाकले तर पाणी सोडतात आणि रबरासारखे होतात. मका उकडल्यावर पंच्यावर पसरून कोरडा करायचा.

अननसाचा पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडात ऑन्टारियोतल्या चॅटममध्ये सॅम पॅनोपुलोस यांनी सुरू केला. गोड-आंबट चीजबरोबर छान लागतं, त्यात काही वावगं नाही. वाद ओलाव्यामुळे होतो: डब्यातून काढून पाकासकट टाकलेला अननस सगळा पिझ्झा भिजवतो. चकत्या निथळा, पुसा, कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा, मग बारीक तुकडे करा. सोबत हिरवी मिरची घाला, काकांना सांगा.

आता ओटीजी. आपले बहुतेक ओटीजी २५० अंशांवर थांबतात. त्यात नेपल्सचा पिझ्झा होणार नाही, त्या नादी लागू नये. ९० सेकंदांसाठी बनवलेलं, तेल-साखर नसलेलं पीठ २५० अंशांना बारा मिनिटं ठेवलं की रंग न येता वाळतं आणि फटफटीत पांढरी, वातड कड मिळते. न्यूयॉर्कचा जमतो, कारण त्यातल्या तेल-साखरेमुळे कमी आचेलाही रंग येतो. डेट्रॉइटचा तर त्याहून सोपा.

न्यूयॉर्कसाठी २५ सेंमीचे चार पिझ्झे: मैदा ४८० ग्रॅम, व्हायटल व्हीट ग्लुटेन २० ग्रॅम, पाणी ३१० ग्रॅम, मीठ ११, साखर ८, तेल १० आणि इन्स्टंट यीस्ट दीड ग्रॅम. आपल्या पाकिटातल्या मैद्यात साधारण १० टक्के प्रथिनं असतात. ग्लुटेन मिसळल्यावर ती साडेबाराच्या आसपास जातात. ग्लुटेन आधी कोरड्या मैद्यात नीट मिसळा, थेट पाण्यात टाकलं तर गाठी होतात आणि त्या मळूनही सुटत नाहीत.

पाणी फ्रिजमधलं गार घ्या. पुण्यात ऑक्टोबर हीटमध्ये स्वयंपाकघर ३० अंशांवर असतं, साध्या पाण्याने पीठ मळता-मळताच फुगायला लागतं आणि फ्रिजमध्ये जाईपर्यंत हाताबाहेर जातं. मळून झाल्यावर पीठ २४-२५ अंशांना असावं. दहा मिनिटं मळा. लहानसा तुकडा ताणून बघा, न फाटता पलीकडचा उजेड दिसला की पुरे. २१० ग्रॅमचे चार गोळे, तेल लावलेल्या डब्यांत झाकून, फ्रिजमध्ये ४८ तास. बाहेर काढल्यावर पुण्याच्या हवेत पाऊण तास पुरतो, अमेरिकेतल्या थंडीत दोन तास लागतील. थापताना गोळा मागे ओढला जात असेल तर जोर लावू नका, झाकून दहा मिनिटं ठेवा. उलट तो आपोआप पसरून फाटत असेल तर जास्त फुगलाय. त्याला ट्रेमध्ये तेलावर थापून डेट्रॉइटसारखा भाजा, वाया जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आहे बिडाचा तवा, लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसलेला. तो पालथा करून खालच्या जाळीवर ठेवा, दोन्ही रॉड चालू, २५० अंश, आणि ४५ मिनिटं तापू द्या. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांत विझतो, तेव्हा फक्त हवा तापलेली असते, तवा नाही. पिझ्झा ओल्या तळाचा होण्याचं घरोघरी हेच कारण असतं. पिझ्झा बेकिंग कागदावर लावा आणि कागदासकट सरकवा. कागद पिझ्झ्याच्या आकाराचाच कापा, बाहेर डोकावणारा भाग रॉडजवळ पेटू शकतो. तीन मिनिटांनी तळ धरला की चिमट्याने कागद ओढून घ्या, तो असेपर्यंत तळ नीट भाजत नाही. एकूण ८ ते १० मिनिटं.

सॉस ६० ते ७० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. आपले टोमॅटो आंबट आणि पाणचट असतात. वाटून, गाळून, पसरट कढईत आटवा. डावाने ओढलेली रेघ लगेच भरून आली नाही की बंद करा. चीज १०० ग्रॅम, मोझरेलाची लादी आणून घरी किसलेलं. पाकिटातला तयार कीस चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, तो नीट एकजीव वितळत नाही. किसून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. गार चीज उशिरा वितळतं आणि तळाला भाजायला वेळ मिळतो, नाहीतर दहा मिनिटांत त्याचं तेल सुटतं. पनीर टाकायचं ते अर्धी भाजणी झाल्यावर, एका पिझ्झ्याला ५० ग्रॅम.

---

मिशिगनची_माई

भाकरीताईंच्या कृतीत डेट्रॉइटसाठी एवढंच बदला: त्याच ५०० ग्रॅम पिठाला पाणी ३५० ग्रॅम. ८ × १० इंचाच्या ट्रेला २८० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन ट्रे होतात. गडद रंगाचा ट्रे, तळाला दोन चमचे तेल. पीठ कोपऱ्यांत एकदम जात नाही, ताणा, वीस मिनिटं थांबा, पुन्हा ताणा. ब्रिक चीज पुण्यात मिळणार नाही, तीन भाग मोझरेला आणि एक भाग चेडर घ्या, कडेने भिंतीला टेकवून. ट्रे तापलेल्या तव्यावर ठेवा, १३-१४ मिनिटं. बाहेर काढल्यावर कड सुटण्यासाठी लगेच उलथनं फिरवा, गार झाली की चिकटून बसते.

---

एडिसनकर

उरलेल्या पिझ्झ्याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि चौघं पाहुणे म्हटल्यावर उरणारच. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पीठ चिवट होतं. जाड तव्यावर मध्यम आचेवर तुकडा दोन मिनिटं ठेवा, तळ कुरकुरीत झाला की तव्याच्या कडेला, पिझ्झ्यापासून लांब, पाण्याचे चार-पाच थेंब टाका आणि लगेच झाकण घाला. मिनिटभरात वाफेने चीज मऊ होतं. न्यू हेवनहून आणलेला असेल तर पाणी निम्मंच, तो आधीच पातळ असतो.